आठ महिने टेबलावर: दंतवैद्य नसलेल्या डॉक्टरांसाठीची मुखआरोग्य पुस्तिका

‘आ करा’ म्हणायचं, टॉर्च मारायचा, घसा बघून मोकळं व्हायचं. वीस वर्षं हेच केलं. वाटेत दात, हिरड्या, जीभ लागायची, पण नजर तिथे थांबायची नाही. ही पुस्तिका टेबलावर आली आणि ती सवय मोडली.

सगळ्यात कामी आलं ते तपासणीचं पान. आधी कवळी काढायला सांगा, गॉझने जिभेचं टोक धरा, दोन्ही कडा पार मागपर्यंत बघा, मग जिभेखाली. मिनिटभराचं काम. कवळी काढायला लोक लाजतात, त्यावर पुस्तिका गप्प आहे. मी पाठ करून हात धुवायला जातो, तेवढ्यात ते काढून घेतात.

औषधांच्या तक्त्याने माझीच चूक दाखवली. रक्तदाबासाठी मीच अ‍ॅम्लोडिपिन दिलेल्या एका बाईंच्या हिरड्या समोरच्या दातांवर निम्म्यापर्यंत चढल्या होत्या. फेनिटोइनने (फिटवरची गोळी) हिरड्या वाढतात हे कॉलेजपासून पाठ, ही गोळी मात्र डोक्यातच नव्हती. ब्रश करताना रक्त येतं हे त्या बोलल्या नव्हत्या, मीही विचारलं नव्हतं. गोळी बदलली, दंतवैद्यांकडे दात साफ करून घेतले. चार महिन्यांत हिरड्या बऱ्यापैकी उतरल्या.

मधुमेहाचा भागही चांगला आहे. हिरड्यांच्या आजारावर नीट उपचार झाले तर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) साधारण ०.३ ते ०.४ ने उतरतं. हा आकडा सांगितला की ‘दात दाखवून या’ हे रुग्ण मनावर घेतात.

आता तक्रारी. ताप, सूज नसेल तर नुसत्या दाढदुखीला अँटिबायोटिक नको, हे वाक्य शेवटून दुसऱ्या पानावर! ते पहिल्यावर हवं होतं. तोंड उघडत नाही, जिभेखाली सूज, थुंकी गिळवत नाही, म्हणजे थेट रुग्णालय, हेही चौकटीत हवं होतं. बिस्फॉस्फोनेट (हाडांच्या ठिसूळपणावरचं औषध) सुरू करण्याआधी दात दाखवून घ्यावेत, याला जेमतेम एक ओळ. आणि फोटोंतल्या सगळ्या हिरड्या फिकट गुलाबी. सावळ्या माणसाच्या हिरड्यांवर नैसर्गिकच काळसर छटा असू शकते. ती कुठेच दाखवलेली नाही, त्यामुळे एकाला मी उगाच घाबरवून पुढे पाठवलं.

दातांच्या क्रमांकांचं पान मी आधी उलटून टाकलं होतं. आता चिठ्ठीवर ‘दात दुखतो, बघावे’ऐवजी ‘३६, चावताना दुखतं, सूज नाही’ असं लिहितो (३६ म्हणजे खालची डावी पहिली मोठी दाढ). पहिली तशी चिठ्ठी पोचल्यावर दंतवैद्य मैत्रिणीचा फोन आला, “ही कुणाकडून लिहून घेतलीस?”