रिलीफ पिचरांची क्रमवारी चुकवणारे अ‍ॅप

बेसबॉलची आकडेवारी देणाऱ्या एका सशुल्क अ‍ॅपची वर्गणी मी गेले वर्षभर भरतो आहे. अमेरिकेतील रात्रीचे सामने मुंबईत पहाटे साडेचारच्या सुमारास सुरू होतात आणि दादरला लोकलची वाट पाहताना शेवटची म्हणजे नववी इनिंग (डाव) या अ‍ॅपवर चेंडूगणिक पाहता येते. धावफलक अचूक आहे, वेगही उत्तम.

माझी तक्रार रिलीफ पिचरांच्या, म्हणजे सुरुवातीच्या पिचरच्या जागी सामन्यात मध्येच उतरून चेंडू टाकणाऱ्यांच्या, पानाबद्दल आहे. ते उघडताच क्रमवारी ‘सेव्ह’नुसार, म्हणजे संघाची आघाडी राखून सामना संपवल्याच्या नोंदींनुसार, लागते आणि ती कायमची बदलण्याची सोय नाही. २००७ चा हंगाम काढला की अमेरिकन लीगमध्ये ४५ सेव्ह घेऊन जो बोरोव्स्की सर्वांत वर दिसतो. पडदा बराच सरकवल्यावर कळते की त्याचा ई.आर.ए. ५.०७ होता, म्हणजे दर नऊ इनिंगमागे त्याने पाचांहून अधिक धावा दिल्या होत्या.

दोष मुळात नियमाचा आहे. पत्रकार जेरोम होल्ट्झमन यांनी मांडलेला सेव्ह १९६९ मध्ये अधिकृत झाला. तीन धावांची आघाडी हाती असताना शेवटची इनिंग टाकणाऱ्याने दोन धावा दिल्या तरी त्याला सेव्ह मिळतो. सातव्या इनिंगमध्ये तिन्ही बेसवर प्रतिस्पर्धी धावपटू उभे असताना एका धावेची आघाडी राखणाऱ्याला मात्र तो मिळत नाही. शेवटच्या षटकात सहा धावा राखणारा आणि पंचवीस राखणारा गोलंदाज आपण शिवाजी पार्कवर कधी एका मापाने मोजत नाही. २२ ऑगस्ट २००७ रोजी टेक्सासने बाल्टिमोरला ३०-३ असे हरवले, त्या सामन्यातही शेवटच्या तीन इनिंग टाकल्याबद्दल वेस लिटलटनच्या नावावर सेव्ह लागला.

त्याहून मोठे नुकसान म्हणजे हा आकडा मॅनेजरच्या निर्णयांना वळण लावतो. २०१६ च्या मोसमात ४७ पैकी ४७ सेव्ह राखणारा, ०.५४ ई.आर.ए.चा झॅक ब्रिटन त्या वर्षीच्या वाइल्ड कार्ड सामन्यात (हरणारा संघ थेट बाद) बरोबरी असताना बाल्टिमोरने सेव्हची संधी येईल म्हणून बाहेरच बसवून ठेवला आणि अकराव्या इनिंगमध्ये एन्कार्नासियोनच्या होम रनने टोरंटो जिंकले. यँकीजचा रिलीफ पिचर मारियानो रिव्हेरा याचे ६५२ सेव्ह मला आदरणीय वाटतात, पण त्याची थोरवी मला त्याच्या २.२१ ई.आर.ए.त अधिक स्पष्ट दिसते.

सामना किती अटीतटीचा असताना पिचर उतरला, हे सांगणारा रकाना या अ‍ॅपमध्ये आहे, परंतु तो तिसऱ्या पानावर दडलेला आहे. तो पहिल्या पानावर आणावा आणि क्रमवारी निवडण्याची मुभा द्यावी, एवढे झाले तर पुढच्या वर्षीची वर्गणी मी आनंदाने भरेन.