चंद्रपूरच्या तुकूममधील खिडकीत एक वर्ष: घरगुती हवामापक यंत्राचा अनुभव

वडिलांना दमा आहे आणि पहाटे पाच वाजता फिरायला निघण्याची त्यांची सवय जुनी आहे. चंद्रपूरच्या थंडीत ही सवय त्यांच्या छातीला सोसवते की नाही, हा घरातला वाद मिटावा म्हणून मागच्या दिवाळीनंतर मी साडेचार हजार रुपयांना हवा मोजणारे एक छोटे यंत्र घेतले. आता त्याला वर्ष झाले. आमच्यासारख्या कोळशाच्या गावात ते घ्यावे की नाही, असे अनेकांनी विचारले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

यंत्रात एक लहान पंखा हवा आत ओढतो, तिच्यावर लेझरचा किरण पडतो आणि कणांवरून विखुरलेल्या प्रकाशावरून पीएम 2.5, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या सूक्ष्म कणांचे प्रमाण काढले जाते. पहिले चार दिवस मी ते स्वयंपाकघरात ठेवले होते, ती माझी चूक होती. फोडणी पडली की आकडा उसळे आणि देवापुढे उदबत्ती लावली तरी तेच होई. मग ते मागच्या खिडकीत, पावसापासून आडोशाला ठेवले आणि तिथे त्याने आपले मोल दाखवले. डिसेंबर-जानेवारीत रात्री नऊनंतर आकडा चढू लागे, पहाटे चार ते सात या वेळात सर्वांत वर राही आणि ऊन तापल्यावर, साधारण दहानंतर, निम्म्याहून खाली येई. थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि तिच्यावरची उबदार असते, त्यामुळे सिगड्यांचा, पेटवलेल्या कचऱ्याचा आणि रस्त्यावरचा धूर वर न जाता वस्तीतच कोंडून राहतो, हे शाळेत शिकलेले तत्त्व मला यंत्राच्या आलेखावर रोज दिसत होते. वडिलांनी स्वतः पंधरा दिवस आकडे वहीत लिहिले आणि फिरण्याची वेळ सकाळी साडेनऊवर नेली. एवढ्यासाठीच मला हे पैसे वसूल झाले असे वाटते.

मात्र या यंत्रावरून कोणी गावाच्या हवेचा निवाडा करू नये. चंद्रपूरभोवती 2,920 मेगावॉटचे महाऔष्णिक वीज केंद्र आहे, कोळशाच्या उघड्या खाणी आहेत, घुग्घुस आणि कोरपन्याकडे सिमेंटचे कारखाने आहेत, आणि 2009 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सर्वंकष प्रदूषण निर्देशांकात 83.88 गुणांसह हे क्षेत्र देशातील प्रदूषित क्षेत्रांत चौथ्या क्रमांकावर होते. कोळशाच्या वाहतुकीने उडणारी धूळ बरीचशी जाड असते. स्वस्त लेझर यंत्रे असे जाड कण नीट पकडत नाहीत आणि पडद्यावरचा पीएम 10 चा, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा, आकडा मुख्यतः बारीक कणांवरून काढलेला अंदाज असतो. म्हणूनच ओट्यावर काळा थर दिसत असताना यंत्र निश्चिंत हिरवा रंग दाखवते. कोळसा जळताना निघणारा सल्फर डायऑक्साइड तर त्याला कळतच नाही, कारण तो वायू आहे; त्यापासून पुढे हवेत तयार होणारे सूक्ष्म सल्फेट कण तेवढे त्याच्या मोजणीत येतात.

रंगांचाही घोटाळा समजून घ्यावा. रंग ठरतो तो हवेच्या गुणवत्तेच्या निर्देशांकावरून, आणि माझ्या यंत्राचा हा निर्देशांक अमेरिकी मोजपट्टीचा आहे. पीएम 2.5 चे प्रमाण घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम असेल, तर भारतीय पद्धतीत निर्देशांक 100 येतो आणि हवा ‘समाधानकारक’ ठरते. अमेरिकी पद्धतीत तो 150 च्या वर जातो आणि तीच हवा अपायकारक ठरते. शिवाय भारतीय निर्देशांक सूक्ष्म कणांसाठी 24 तासांची सरासरी धरतो, यंत्र मात्र त्या क्षणाचा आकडा दाखवते. या फरकाची दखल न घेता पडद्याचे छायाचित्र गटांत पाठवून घबराट पसरवणे मला योग्य वाटत नाही. मी रंग बंद करून फक्त मायक्रोग्रॅम पाहतो आणि शहरात प्रदूषण नियंत्रण मंडळाचे केंद्र आहे तिथला व खुटाळा औद्योगिक वसाहतीतला आकडा केंद्रीय मंडळाच्या ‘समीर’ अॅपवर ताडून घेतो. त्या केंद्रांत वायूही मोजले जातात.

पावसाळ्यात यंत्र भरवशाचे राहिले नाही. दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात आणि आकडा खोटा वाढतो, म्हणून जुलै-ऑगस्टची वही आम्ही बाजूला ठेवली. दहाव्या महिन्यात पंखा घरघरू लागला. उघडून पाहिले तर आत काजळीसारखी भुकटी साचली होती. विक्रेत्याने हमीत ही सफाई बसत नाही असे कळवले, त्यामुळे मऊ ब्रशने ती मीच केली. कण मोजणारा सुटा संवेदक (सेन्सर) मिळेल का, याचे उत्तर खरेदीपूर्वी लेखी घ्यावे, कारण आपल्याकडे तो लवकर माखतो.

घरात दमेकरी, तान्हे मूल किंवा वृद्ध माणूस असेल आणि खिडकी केव्हा उघडावी, बाहेर केव्हा पडावे एवढेच ठरवायचे असेल, तर हे यंत्र जरूर घ्यावे. कारखान्याविरुद्ध तक्रारीला पुरावा म्हणून घ्यायचे असेल, तर घेऊ नये. त्यासाठी मंडळाच्या केंद्रांच्या नोंदी मागाव्यात. आमचे यंत्र सध्या पुन्हा मागच्या खिडकीत आहे आणि थंडी सुरू झाल्याने वडिलांनी नवी वही काढली आहे.