बिडाचं झाकणाचं भांडं: घरच्या पावासाठी घ्यावं का?

ओटीजीत, म्हणजे घरच्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये, वाफ टिकत नाही. पावाची साल लवकर सुकते आणि तो फुगायचा थांबतो. ४ लिटरचं बिडाचं भांडं हीच अडचण सोडवतं, पिठातलीच वाफ झाकणाखाली कोंडते. आठवड्याला एकदा पाव होत असेल तर जरूर घ्या. फक्त आधी ओटीजीची आतली उंची मोजा आणि झाकणाची मूठ धातूची आहे ना, ते बघा.

३०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम कणीक, ३०० मिली पाणी, ८ ग्रॅम मीठ, पाव चमचा इन्स्टंट यीस्ट. मळायचं नाही, कालवून झाकून ठेवायचं. थंडीत १२-१४ तास, मे महिन्यात ७-८ पुरे. त्यापुढे पीठ आंबूस होऊन पसरतं. मग घड्या घालून गोळा करा, ४० मिनिटं ठेवा. तेवढ्यात रिकामं भांडं २३० अंशांवर तापवा. तळाला रवा भुरभुरून गोळा आत ठेवा; ३० मिनिटं झाकून, १५ मिनिटं उघडं भाजा. बुडाला टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला पाहिजे. तळ करपत असेल तर खाली रिकामा ट्रे सरकवा. तासभर तरी कापू नका, आत चिकट लागतो.

त्याच तापल्या भांड्यात लाल भोपळ्याच्या फोडी छान भाजतात. उकडलेले काबुली चणे, कांदा, कोथिंबीर, भरड दाण्याचं कूट घातलं की पोटभरीचं सॅलड तयार. लिंबू मात्र ताटातच पिळा. बिडात आंबट राहिलं की चव लोखंडी होते.

वजन ही खरी तक्रार. आणि धुतल्यावर लगेच पुसून तेलाचा हात फिरवला नाही, तर गंज ठरलेला.