मुक्ता, बलू, टिरो: शहापुरातल्या दुकानात नऊ महिने

बेळगावात, शहापुरात माझं पत्रिका आणि बोर्डांचं छोटं दुकान आहे. आमच्याकडं मराठी फॉन्ट एकटा नांदत नाही, त्याला कन्नडचा जोडीदार लागतो. कर्नाटकच्या कन्नड भाषा कायद्यातल्या 2024 च्या दुरुस्तीपासून दुकानाच्या पाटीवर 60 टक्के कन्नड, तेही वरच्या भागात. खालच्या पट्टीत मराठी आणि इंग्रजी दाटीवाटीनं.

त्या पट्टीत मुक्ता हा फॉन्ट सगळ्यात चांगला टिकला. फुकट आहे, सात वजनं (जाडीचे प्रकार) आहेत. पट्टीसाठी मी सेमीबोल्ड घेतो. एक्स्ट्राबोल्ड लहान केला की अक्षरांच्या पोटातली जागाच संपते. राग एकाच गोष्टीचा. मुक्ताच्या घराण्यात गुजराती आहे, गुरमुखी आहे, तमिळसुद्धा आहे, कन्नड नाही! मग वर नोटो सान्स कन्नड लावतो. दोन्हीचा पॉइंट, म्हणजे आकार, सारखा ठेवून भागत नाही. कन्नड अक्षर गोल, पसरट, आपलं शिरोरेषेला लोंबणारं. शेवटी डोळ्यानंच जुळवायचं.

बलूला मात्र कन्नड भावंड आहे, नावच बलू तम्मा. तम्म म्हणजे धाकटा भाऊ. जोडी झकास, पण फॉन्ट गुबगुबीत आणि हसरा. भेळेच्या गाड्याला, बालवाडीला शोभतो. एकानं उत्तरकार्याच्या पत्रिकेसाठी मागितला. म्हटलं, "नको हो, लोक हसतील की!"

लग्नपत्रिकेला टिरो. त्याचं मराठीसाठी वेगळं रूप आहे, त्यामुळं मराठी वळणाचा पाकळीचा ल आणि देठाचा श आपोआप येतो. इतर बऱ्याच फॉन्टांत भाषा मराठी निवडावी लागते, आणि सॉफ्टवेअरनं ती मानली तर. टिरो कन्नडही आहे. उणीव एकच: रेग्युलर आणि इटॅलिक, बोल्ड नाहीच. जबरदस्तीनं जाड केला की बारीक रेघांचा जीव जातो. वधूवरांची नावं मी मोठी करून कुंकवाच्या रंगात टाकतो.

मंगल या फॉन्टबद्दल स्पष्ट बोलतो. अक्षररचनाकार र. कृ. जोशींचं काम, विंडोज 2000 बरोबर आलं, त्यानं घरोघरच्या पडद्यावर मराठी उमटली, त्याला नमस्कार. पण नावावर जाऊन मंगलकार्याला मंगल वापरू नका. पत्रिका तलाठ्याच्या उताऱ्यासारखी दिसते.

युनिकोडच्या (सगळ्या संगणकांवर सारख्या चालणाऱ्या अक्षरसंकेताच्या) आधीचा एक फॉन्ट मी वर्षानुवर्षं वापरला. त्यात चंद्रकोरी र ('ऱ्या'तला) सापडेना म्हणून रफारावर भागवलं, आणि भांडी भाड्यानं देणाऱ्याच्या बोर्डावर 'आचाऱ्यांसाठी'चं 'आचार्यांसाठी' झालं. गिऱ्हाईक म्हणालं, "काका, मास्तरांना कढया कशाला?" फ्लेक्सचे पैसे माझ्या खिशातून गेले.

आता कुठलाही फॉन्ट उतरवला की पहिली ओळ हीच टाकतो: 'बेळगावच्या आचाऱ्याला शालू'.