पुणे–नगर: गाडी घरी ठेवून एसटीने, नऊ महिन्यांचा अनुभव

माझे आईवडील नगरला असतात आणि मी शिक्षिकेच्या नोकरीमुळे पुण्यात, कोथरूडला राहते. सहा वर्षे दर पंधरा दिवसांनी शनिवारी दुपारी शाळा सुटली की गाडी काढायची आणि रविवारी संध्याकाळी परतायचे, असा माझा क्रम होता. गेल्या जूनमध्ये वाघोलीच्या कोंडीत सतत क्लच दाबून डावा गुडघा सुजला, डॉक्टरांनी दीड महिना गाडी चालवायला मनाई केली आणि निव्वळ नाइलाजाने मी एसटीत बसले. गुडघा केव्हाच बरा झाला. तरीही या नऊ महिन्यांतल्या अठरा फेऱ्यांपैकी सोळा मी एसटीनेच केल्या.

वेळेचे आधी स्पष्ट सांगते, कारण सगळे पहिल्यांदा तेच विचारतात. वेळ जास्त लागतो. शिवाजीनगरचे बसस्थानक मेट्रोच्या कामासाठी २०१९च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवले गेले, त्यामुळे वनाजहून मेट्रोने शिवाजीनगर आणि तेथून रिक्षा असे करत फलाटापर्यंत पोहोचायलाच पाऊण तास जातो. पुढे खराडी ते वाघोली आणि शिक्रापूरचा चाकण चौक येथे बस काय आणि मोटार काय, दोघींची गत एकच. घरापासून घरापर्यंत हिशेब केला तर एका बाजूला मला साधारण सव्वा तास अधिक लागतो. मात्र गाडीने पोहोचल्यावर पहिला तासभर मी नुसती पडून राहत असे आणि आई चहाचा कप घेऊन उशाशी बसलेली असे. आता उंबरठा ओलांडताच तिच्याबरोबर भाजी निवडायला बसते. तो सव्वा तास वाया गेला, असे मला वाटत नाही.

बसमध्ये उत्तरपत्रिका तपासाव्यात असा माझा मोठा बेत होता, तो पहिल्याच फेरीत सोडावा लागला. गतिरोधकावर लाल पेनाची रेघ एका मुलाच्या अचूक सोडवलेल्या गणितावरून आडवी गेली आणि सोमवारी वर्गात मला त्याची समजूत घालावी लागली. तेव्हापासून बसमध्ये लिहायचे नाही, हे ठरवून टाकले. शिक्रापूरपर्यंत खिडकीला डोके टेकून डोळे मिटायचे, रांजणगाव मागे पडले की वाचायला घ्यायचे. गाडी मोकळी धावू लागली की सुप्यापर्यंत वीस-पंचवीस पाने सहज होतात. सहा वर्षे ज्या रस्त्याने गेले, त्याच्या कडेची ज्वारीची शेते मी या हिवाळ्यात पहिल्यांदा नीट पाहिली.

खर्चाचा फरक माझ्या अपेक्षेपेक्षा खूप मोठा निघाला. जाऊन-येऊन सुमारे २४० किलोमीटर होतात. माझी गाडी कोंडीसकट लिटरला पंधरा किलोमीटर देते, म्हणजे एका फेरीला सोळा लिटर पेट्रोल आणि सोळाशे रुपयांहून अधिक खर्च. एसटीचे भाडे जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्क्यांनी वाढले, तरी साध्या गाडीचे एका बाजूचे पूर्ण तिकीट सुमारे दोनशे रुपयांचे आहे आणि मार्च २०२३पासून महिलांना सर्व गाड्यांत निम्मे भाडे असल्याने मला त्याचेही अर्धेच पडते. दोन्ही टोकांचे मेट्रो आणि रिक्षाचे पैसे धरूनही फेरी पाचशेच्या आत होते.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पुण्याहून नगरला जाण्यासाठी केवळ ‘नगर’ पाटीच्या गाडीची वाट पाहू नये. संभाजीनगर, बीड, जालना या बाजूच्या गाड्याही नगरवरूनच जातात. मात्र नगरमध्ये माळीवाडा, तारकपूर आणि स्वस्तिक चौकाजवळचे पुणे बसस्थानक अशी तीन ठिकाणे असल्यामुळे गाडी कुठे थांबणार, हे वाहकाला चढतानाच विचारावे. मी सुरुवातीला विचारले नाही आणि तारकपूरहून भर पावसात सामान घेऊन परत फिरावे लागले. रविवारी संध्याकाळी लांबून येणाऱ्या गाड्या आधीच भरलेल्या असतात, म्हणून परतीसाठी नगरहूनच सुटणारी गाडी धरावी किंवा आरक्षण करून ठेवावे. मध्ये न थांबणारी गाडी असेल तर पाणी बेताने प्यावे. स्त्रियांनी तर हे विशेष लक्षात ठेवावे.

गाडी मी विकलेली नाही. आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी तिला पुण्याला आणायचे होते तेव्हा एकदा आणि रात्री साडेअकराला अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, धाप लागल्याचा फोन आला तेव्हा एकदा, अशा दोन वेळा ती काढली. अशा प्रसंगांसाठी ती दारात असावी, असे माझे मत आहे.

परंतु या नऊ महिन्यांत सर्वांत मोठा बदल माझ्यात नव्हे, तर अण्णांमध्ये झाला. १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी याच नगर–पुणे मार्गावर धावली आणि २०२२ मध्ये त्याच तारखेला, याच मार्गावर विजेवरची शिवाई सुरू झाली, हे ते अजून अभिमानाने सांगतात. तरी सहा वर्षांत ते माझ्याकडे जेमतेम तीनदा आले होते. मी त्यांना न्यायला येणार, पुन्हा सोडायला येणार, म्हणजे एका भेटीसाठी लेकीला चार खेपा, हे त्यांना सोसत नसे आणि ‘नको गं, उगाच तुला त्रास’ म्हणून ते विषय मिटवीत. मला बसने येता-जाताना पाहून नोव्हेंबरमध्ये ते स्वतःच म्हणाले, “तू येतेस तशी मलाही येता येईल की.” पंच्याहत्तरी उलटलेल्यांना ऑगस्ट २०२२पासून एसटीचा प्रवास विनामूल्य आहे. आधार कार्ड दाखवून मिळालेले ते शून्य रुपयांचे तिकीट त्यांनी घडी घालून माझ्या हातात ठेवले. तेव्हापासून चारदा आले आहेत. शिरूरच्या अलीकडे पूल लागला की त्यांचा फोन येतो, “घोडनदी ओलांडली, भात टाक.” वाघोलीची कोंडी त्यांच्या हिशेबात नसते, म्हणून मी कुकर तासाभराने लावते.