ओपिनेलचा आठ नंबर: आषाढापासून शिमग्यापर्यंत

ओपिनेल या फ्रेंच कंपनीचा आठ नंबरचा घडीचा चाकू आषाढात घेतला, आता शिमगाही होऊन गेला. म्हणजे रत्नागिरीचा पावसाळा आणि त्यानंतरचे कोरडे दिवस, दोन्हींत वापरून झाला. घेतला प्रवासात फळं कापायला, पण चालतो घरातच जास्त.

कांदा, भाजी, फणस हे विळीचं काम. तिथे याची गरज नाही. याची खरी जागा स्वयंपाकघराबाहेर आहे.

सगळ्यात कामी आला तो आकाशकंदिलाला. बांबू फोडायला कोयताच हवा, पण कामट्या तासून सारख्या करायला आणि दोरा सरकू नये म्हणून टोकांना खाचा पाडायला हे पातळ पातं फार छान. खाच पाडताना टोकावर जोर येतो आणि साधा घडीचा चाकू अशा वेळी बोटांवर मिटू शकतो. याच्या पात्याच्या बुडाशी फिरणारं कडं आहे, ते फिरवलं की पातं जागेवर पक्कं. ओपिनेलचा चाकू मुळात 1890 सालचा, फ्रान्सच्या साव्वा भागातला. हे कडं आलं 1955 मध्ये. माझ्या मते घरात वापरायला हा चाकू योग्य ठरतो तो या कड्यामुळेच. मूठ बीचच्या लाकडाची, गोलसर. बराच वेळ तासत बसलं तरी तळहाताला टोचत नाही.

दुसरं काम गुलाबाला डोळा भरण्याचं, म्हणजे हव्या त्या गुलाबाच्या फांदीवरचा कोंब (डोळा) रानगुलाबावर कलम करण्याचं. रानगुलाबाच्या सालीवर ‘टी’ आकाराची चीर द्यायची, साल अलगद उचलायची आणि डोळा आत सरकवायचा. चीर फाटली तर डोळा धरत नाही, म्हणून धार वस्तऱ्यासारखी हवी. आधी पातं स्पिरिटने पुसून घेते.

बाकी रोजची किरकोळ कामं: तांदळाच्या पोत्याची शिवण, गोधडीसाठी जुन्या साडीचा काठ उसवणं, मुलांच्या पेन्सिली, नैवेद्याला केळीचं पान. नव्या भांड्यावरचं स्टिकर जरा गरम करून पात्याच्या पाठीने खरवडावं, धारेने नाही. समईखाली सांडलेलं तेल-काजळीचं किटणही तसंच निघतं.

माझं पातं कार्बन पोलादाचं आहे. धार दगडावर पटकन लागते, पण ते ओलं ठेवून चालत नाही. कैरी, लिंबू कापलं की निळसर-काळं पडतं. तो गंज नव्हे, त्याला घाबरू नका. लाल डाग दिसला तर मात्र लगेच घासून काढा. पावसात रोज पुसून खोबरेलाचा हलका हात फिरवते. दमट हवेत कोणतंही लाकूड फुगतं, मग पातं खाचेतून निघायला घट्ट होतं. त्यावर साव्वातल्या लोकांची जुनी युक्ती आहे: कडं उघडं ठेवून मुठीचं मागचं टोक टेबलावर ठोकायचं, पातं थोडं वर येतं. एवढी निगा नको असेल त्यांनी स्टेनलेसचं पातं घ्यावं.

डब्याचं झाकण उचकटायला हा चाकू वापरू नका, पातळ टोक तुटेल. विमानात हातातल्या सामानात चालत नाही.

आठ नंबरचं पातं साडेआठ सेंमीचं आहे. नुसती शिवण, देठं आणि पेन्सिली असतील तर सहा नंबर पुरे. बांबू तासायचा असेल तर आठच घ्या.