कुत्र्याच्या फिटसाठी पोटॅशियम ब्रोमाइडचं सिरप, मालवणात राहून वापरलेलं

आमच्या बंड्याला (गावठी, वजन साधारण १५ किलो) फिट येतात. आधी नुसती फिनोबार्बिटोनची गोळी होती पण त्यावर भागेना, डोस वाढवला की लिव्हरचे आकडे वर जायला लागले, मग डॉक्टरांनी जोडीला पोटॅशियम ब्रोमाइड सुरू केलं. हे लिव्हरच्या वाटेला जातच नाही, जसंच्या तसं किडनीतून लघवीवाटे बाहेर पडतं, म्हणून अशा कुत्र्यांना चालतं.

आधी मालाबद्दल. एका दुकानात याची पावडर बिनलेबलच्या प्लास्टिक पिशवीत पुडी बांधून देत होते, लॅबमध्ये वापरतात तीच म्हणे. ती घेऊ नका. शुद्धता किती ते कळत नाही, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल धरून तिचे खडे होतात, मग चमच्याने मोजणार काय कप्पाळ. तयार सिरप घ्या. माझ्याकडचं एका मिलीला २५० मिलिग्रॅमचं आहे, सोबत सुई नसलेली सिरिंज येते, माप बरोबर बसतं. झाकण मात्र भंगार, बाटली आडवी झाली की गळतं आणि वाळलं की पांढरी खर धरते, अगदी मिठागरात दिसते तशी. हाताला लागलं तर धुवायचं, डोळ्यात जाऊ द्यायचं नाही, चुरचुरतं.

चव खारट-कडवट. भातात कालवून दिलं तर साहेब कडेकडेचा भात खाऊन मधला तसाच ठेवतात, त्यामुळे थोड्याशा मऊ भाताच्या गोळीत मुरवून आधी ती आणि मग बाकी जेवण. उपाशीपोटी दिलं तर हमखास उलटी.

गुण येतो का, तर येतो, पण घाई असेल तर हे औषध तुमच्यासाठी नाही. कुत्र्याच्या अंगातून याचं प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण २४ दिवस लागतात, म्हणजे रोज देत राहिलं तरी रक्तात पातळी स्थिर व्हायला तीन-चार महिने जातात. सुरुवातीला बंड्या दारू प्यायल्यासारखा चालायचा, मागचे पाय फाकायचे, दिवसभर झोप, पाणी घटाघटा आणि भूक तर विचारू नका. पुढे बरंच कमी झालं. उलट्या थांबत नसतील, पोट दुखल्यासारखं पाठ वाकवून बसत असेल तर मात्र लगेच दाखवा, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते.

आता खरी गोष्ट, जी बाटलीवर लिहिलेली नाही. फिट बऱ्यापैकी थांबल्या होत्या आणि मध्येच परत सुरू झाल्या. डोस तोच, वेळ तीच. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, मासे खातो का? शेजारच्या काकी त्याला रोज दुपारी सुकटीची डोकी आणि खाऱ्या बांगड्याचे काटे घालत होत्या. किडनीला क्लोराइड (म्हणजे मिठातला एक घटक) आणि ब्रोमाइड यातला फरक फारसा कळत नाही, मीठ जास्त गेलं की ती क्लोराइड बाहेर टाकायला लागते आणि त्याच्याबरोबर ब्रोमाइडही वाहून जातं. रक्त तपासलं तर पातळी खाली. फिनोबार्बिटोनसोबत असेल तर ती लिटरला साधारण १००० ते २००० मिलिग्रॅम लागते. काकींना सांगितलं तर म्हणाल्या, "सुकट नको तर काय पेढे घालू त्याका?" उलटंही तितकंच वाईट, मीठ एकदम तोडलं तर ब्रोमाइड अंगात साठत जातं आणि कुत्रा सुस्तावून पडतो. म्हणून आता बंड्याला बिनमिठाचा उकडलेला मासा आणि भात, रोज तेच, आणि हा बदलही डॉक्टरांना विचारून, पातळी बघत बघत केलाय.

किनाऱ्यावर फिरवणाऱ्यांनी समुद्राचं पाणी पिऊ देऊ नका. कुणीतरी म्हणेल समुद्रातही ब्रोमाइड असतंच की, असतं, लिटरला ६५ मिलिग्रॅमच्या आसपास, पण त्याच लिटरात क्लोराइड १९ ग्रॅम असतं, मग हिशोब तुम्हीच करा.

आणखी एक गंमत. साध्या रक्ततपासणीत बंड्याचं क्लोराइड भलतंच वाढलेलं आलं, लॅबवाला घाबरला. मशीन ब्रोमाइडलाच क्लोराइड समजून मोजतं. औषध चालू आहे हे नमुना देतानाच सांगायचं. ब्रोमाइडची पातळी मात्र वेगळी सांगून करावी लागते आणि नमुना बाहेरगावी जातो, इथे वेळ आणि पैसे दोन्ही जातात.

घरात मांजर असेल तर ही बाटली तिच्यासाठी नाही, मांजरांना याने फुप्फुसाचा दम्यासारखा त्रास होतो. आणि नेटवर पावातलं पोटॅशियम ब्रोमेट वाचून दचकू नका, ते निराळं रसायन, २०१६ मध्ये आपल्याकडे बंद झालं. हे ब्रोमाइड जुनं आहे, १८५७ मध्ये लंडनच्या लोकॉक डॉक्टरांनी माणसांच्या फिटवर वापरल्याचं सांगितलं होतं, १९१२ नंतर फिनोबार्बिटोन आलं आणि माणसांसाठी हे मागे पडलं, कुत्र्यांसाठी टिकलं.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो झाकणासाठी आणि बाटलीवर मिठाबद्दल एक ओळ न छापल्याबद्दल. संपायच्या दोन आठवडे आधीच ऑर्डर टाका, मालवणात कायम मिळेलच असं नाही आणि मनाने एकदम बंद करायचं औषध हे नव्हे.